दुकान तर आहेच

बारावीचा निकाल २०२५ साली ५ मे रोजी लागला. राज्याचा एकूण निकाल ९१.८८ टक्के होता. इतकी मुले उत्तीर्ण होतात तेव्हा उत्तीर्ण झाल्याचा आनंद संध्याकाळपर्यंतच टिकतो. पेढे वाटून होतात, रात्री दुकानाचे शटर खाली येते आणि जेवणाच्या पानावर खरा प्रश्न निघतो, की आता पुढे कुठे? व्यापारी कुटुंबांत या प्रश्नाचे एक उत्तर जणू आधीच ठरलेले असते. घरातले वडीलधारे ते प्रेमाने देतात, मुलाच्या मनावरचा ताण उतरावा म्हणूनच देतात : ‘मिळेल तिथे घे, नाहीतर दुकान तर आहेच.’

या वाक्याने ताण उतरतो का, हे पाहायचे असेल तर दादर-माटुंग्याला राहणाऱ्या घराचे उदाहरण उपयोगाचे नाही. त्यासाठी बदलापूरच्या पुढे, कर्जत रस्त्यावरच्या चामटोलीसारखे गाव घ्यावे. उल्हास नदीच्या खोऱ्यातले, बदलापूर आणि वांगणी या दोन स्थानकांच्या दरम्यानचे, अंबरनाथ तालुक्यातले हे गाव. रस्त्यालगत दुकान आणि घर असलेल्या कुटुंबातला मुलगा किंवा मुलगी येथून महाविद्यालयाचा अर्ज भरू लागते, तेव्हा गुणांच्या बरोबरीने किलोमीटर, गाडीची वेळ, दाखल्यावरची एखादी नोंद, एखादी निसटलेली तारीख असे पुष्कळ काही तिच्या प्रवेशात भाग घेऊ लागते.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात पदवीचा प्रवेश घ्यायचा तर प्रथम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. ती झाली म्हणजे अर्ज झाला, असा समज अनेक घरांत होतो. वस्तुतः ती केवळ पहिली पायरी. त्यानंतर ज्या ज्या महाविद्यालयात जाण्याची इच्छा, त्या प्रत्येकाचा अर्ज निराळा, शुल्क निराळे आणि कागदपत्रे मागण्याची तऱ्हाही निराळी. मग एकामागून एक गुणवत्ता याद्या लागतात. यादीत नाव आले की मोजक्या दिवसांत कागदपत्रे तपासून घेऊन शुल्क भरायचे. मुदत टळली की जागा पुढच्या यादीत जाते. हुंडीची मुदत आणि जीएसटी विवरणपत्राची तारीख ज्या घरात कधी चुकत नाही, त्या घरात ही तारीख मात्र सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या मोबाइलवर सोडलेली असते. वडिलांना विचारावे तर ते सांगतात, ‘ऑनलाइन आहे, त्यालाच कळते.’ त्याला मोबाइल कळतो, हे खरे. प्रवेशाची पद्धत त्याने कुठे शिकलेली असते?

या पद्धतीतली एक गोष्ट तर बारावीच्या निकालाआधी दोन वर्षे ठरून गेलेली असते. पदवी महाविद्यालये आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून आलेल्या मुलांना प्रथम प्राधान्य देतात. नामांकित वाणिज्य महाविद्यालयाची बाहेरच्यांसाठीची यादी इतकी चढी का लागते, याचे एक कारण येथे आहे. बाहेरच्या मुलांची स्पर्धा सर्व जागांसाठी नसून घरच्या मुलांनी घेऊन उरलेल्या जागांसाठी असते. म्हणजे बारावीत ऐंशी टक्के मिळवलेला चामटोलीचा मुलगा मुंबईच्या महाविद्यालयात हरतो, ती हार बव्हंशी अकरावीलाच झालेली असते. शिकवणी वर्गाच्या सांगण्यावरून त्याचे नाव केवळ हजेरीपुरते एखाद्या कुठल्याशा कनिष्ठ महाविद्यालयात घातले गेले. तेथे पदवीचा वर्गच नव्हता, किंवा होता तो घरच्यांना नको होता. धाकटे भावंड दहावीत असेल तर हे आजच लक्षात घेतलेले बरे. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन पद्धत मुंबई महानगर प्रदेशात पूर्वीपासून होती. २०२५ साली ती सर्व राज्याला लागू झाली. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येतो आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. न घेतल्यास मूल पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडते. त्या पहिल्या ओळीवर काय लिहायचे, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी एक संध्याकाळ दुकान लवकर बंद करून करावा, एवढे तिचे महत्त्व आहे.

अभ्यासक्रमाच्या नावातही आता सावधपणा हवा. व्यापारी घरांत बीकॉमखालोखाल बीएमएस लोकप्रिय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून आपल्या मान्यतेच्या कक्षेत आणले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा ठेवली. ही परीक्षा २९ मे २०२४ रोजी झाली. बारावीचा निकाल लागला होता २१ मे रोजी. निकाल हाती आल्यावर चौकशीला निघालेल्या मुलांना कळले, की परीक्षेच्या अर्जाची मुदत केव्हाच संपली आहे. बारावीला उत्तम गुण आणि तरीही बीएमएसचे दार बंद, अशी विचित्र अवस्था त्या वर्षी अनेकांची झाली. दुसरीकडे जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा ४ ऑगस्ट रोजी परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर आपल्या अभ्यासक्रमाचे नाव पालटून ते ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ असे केले. त्याला ही परीक्षा लागत नाही. दोन नावे जवळपास सारखी, परंतु प्रवेशाचे मार्ग वेगळे. अर्ज भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाचे नेमके नाव काय आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर की परीक्षेवर, एवढे दोन प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावेत. दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सचे स्वप्न पाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तेथे २०२२ पासून सीयूईटी या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि तिचा अर्ज बारावीची परीक्षा देण्याच्या सुमारासच भरावा लागतो.

आता अल्पसंख्याक कोट्याविषयी. कारण याबाबत समाजात जेवढी आशा आहे तेवढेच गैरसमजही आहेत. जैन समाजाला केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. तेव्हापासून ‘आपल्याला आता सगळीकडे जागा राखीव आहेत’ असे वाक्य लग्नकार्यांतून ऐकू येते. तसे नाही. हा कोटा ज्या संस्थेला त्या विशिष्ट समाजाची अल्पसंख्याक संस्था म्हणून मान्यता आहे, त्या संस्थेतच आणि त्याच समाजासाठी असतो. उल्हासनगरचे सीएचएम महाविद्यालय सिंधी भाषक अल्पसंख्याक संस्थेचे. तेथील त्या कोट्यात जैन मुलाला जैन म्हणून स्थान नाही. विलेपार्ल्याचे नरसी मोनजी किंवा विद्याविहारचे सोमैया ही गुजराती भाषक अल्पसंख्याक महाविद्यालये. येथे एक सूक्ष्म भेद उद्भवतो. ज्या जैन कुटुंबाची मातृभाषा गुजराती आहे, त्याचे मूल तेथे भाषेच्या आधारावर अर्ज करू शकते. शेजारच्याच मराठी भाषक जैन कुटुंबाचे मूल तसे करू शकत नाही. एकाच देरासरात जाणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीला दार उघडे आणि दुसरीला बंद, हे पालकांना अन्यायाचे वाटते. पण नियमाचा आधार भाषा आहे, धर्म नव्हे. आणि भाषेचा पुरावा म्हणून बहुधा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची मातृभाषेची नोंद पाहतात. पहिलीत नाव घालताना घाईत कोणी काय लिहून दिले, ते बारा वर्षांनी असे उगवते. दाखल्यावर धर्माच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिलेले असेल तर जैन संस्थेच्या कोट्यासाठीही अडचण येते. अशा नोंदीची दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घेणे सोपे. दाखला हाती पडल्यावर ते काम फार लांबते.

कोटा जमला नाही तर काही घरांत दुसरीच वाट शोधली जाते. ओळखीतला कोणी ‘करून देतो’ म्हणतो आणि रोख रक्कम सांगतो. महाराष्ट्रात देणगीच्या नावाने अशी रक्कम घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. जो व्यापारी शंभर रुपयांचा मालही पक्क्या बिलाशिवाय उचलत नाही, त्याने बिनपावतीचे लाखभर रुपये मुलाच्या भविष्याच्या नावाने अनोळखी माणसाच्या हाती ठेवावेत, हे आश्चर्यच. शैक्षणिक कर्जाची मात्र याच घरांना लाज वाटते. मालासाठी ओव्हरड्राफ्ट घेताना कोणी संकोच करत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढले तर समाजात काय म्हणतील, ही चिंता लागते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होते. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यांना त्याच्या व्याजावर ‘८० ई’ कलमाखाली वजावट मिळते. हे कर्ज मुलाच्या नावावर असते, त्यामुळे आपले शिक्षण किती रुपयांचे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तोही एक लाभच.

‘दुकान तर आहेच’ या वाक्याचे नुकसान येथे ध्यानात येते. दुकान असणे ही मोठी गोष्ट आहे. पिढ्यांच्या कष्टाने ते उभे राहिलेले असते. परंतु अर्जावर दहा नावे लिहिताना ज्याला ‘न मिळाले तरी चालेल’ असे सांगितले गेले, तो ती नावे मनापासून लिहीत नाही. तो मित्रांनी लिहिलेली नावे उतरवून काढतो. आणि हे वाक्य मुलाला सांगितले जाते तेव्हा त्याच घरातल्या मुलीला दुसरेच सांगितले जाते : ‘जवळचेच बघ.’ तिला दुकानही नाही आणि दूरचे महाविद्यालयही नाही. बारावीत भावापेक्षा दहा टक्के अधिक मिळवलेल्या मुलीचा अर्ज घरच्यांनी दोन स्थानकांच्या आत बसवलेला असतो. कोणी तिला विचारले तर ती ‘मलाच जवळचे हवे होते’ असे सांगते. कित्येकदा तिला स्वतःलाही ते खरे वाटू लागलेले असते.

अंतराची अडचण खोटी नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर ६८ किलोमीटर आहे, आणि चामटोलीच्या मुलाला आधी बदलापूर किंवा वांगणी स्थानक गाठायचे असते. मुंबईतील अनेक वाणिज्य महाविद्यालयांचे वर्ग सकाळी सातच्या सुमारास भरतात. माटुंग्याला पोदार महाविद्यालयात, म्हणजे १९४१ पासून वाणिज्य शिकवणाऱ्या जुन्या नामांकित संस्थेत, जागा मिळाली तरी जलद गाडी माटुंग्याला थांबत नाही. दादरला उतरून मागे यावे लागते. पहिल्या तासाला पोहोचायचे तर घर पावणेपाचला सोडावे लागते. विद्यापीठाची ७५ टक्के उपस्थितीची अट वर असतेच. सकाळच्या वर्गाचा एक फायदा मात्र जैन घरांना चटकन उमगतो. मूल दुपारी घरी येते आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण सुटत नाही. संध्याकाळच्या गर्दीत परतणाऱ्याला एक तर डबा गाडीतच उघडावा लागतो किंवा उपाशी राहावे लागते. पावसाळ्यात तर वेळापत्रकाचा भरवसाच नसतो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली ती चामटोलीजवळच. हजारांहून अधिक प्रवाशांना बोटींनी आणि पायी बाहेर काढावे लागले, त्यात आसपासचे गावकरीही धावले होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या नेमक्या याच दिवसांत चालतात. कागदपत्र तपासणीला शेवटचा दिवस धरून बसणाऱ्याला या भागात फार मोठी जोखीम असते.

म्हणून पसंतीक्रम लावण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने त्या त्या महाविद्यालयापर्यंतचा प्रवास एकदा प्रत्यक्ष करून पाहावा, तोही कामाच्या दिवशी आणि वर्गाच्याच वेळेला. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, उल्हासनगर, बदलापूरचेच आदर्श महाविद्यालय यांची नावे मुंबईच्या नावांपुढे घरात जरा खालच्या आवाजात घेतली जातात. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्या मुलासाठी मात्र हिशेब उलटा होऊ शकतो. २०२४ पासून सीएची फाउंडेशन परीक्षा वर्षातून तीनदा होते, आणि त्या अभ्यासाला रोज लागणारे चार तास गाडीत घालवायचे की टेबलापाशी, हा प्रश्न महाविद्यालयाच्या नावापेक्षा मोठा ठरतो. ज्या मुलीला खरोखरच मुंबईतील वर्ग, तेथील ग्रंथालय, स्पर्धा आणि वातावरण हवे आहे, तिच्यासाठी रोजच्या गाडीशिवाय दुसरा पर्यायही आहे. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत महावीर जैन विद्यालय स्थापन झाले, ते बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या जैन मुलांच्या राहण्या-जेवणाची अडचण ओळखूनच. समाजाच्या अशा वसतिगृहांत पुढे मुलींचीही सोय होऊ लागली. अशा वसतिगृहाचा अर्ज विद्यापीठाच्या कोणत्याही संकेतस्थळावर सापडत नाही, आणि जागा मोजक्याच असतात. त्यामुळे त्याची चौकशी महाविद्यालयाची पहिली यादी लागण्यापूर्वीच करावी लागते.