वर्गातला घुमा मुलगा

‘मुलगा घरी सारखा बडबडतो, पण वर्गात तोंड उघडत नाही. वर शेजारच्याला चिमटे काढतो अशी बाईंची तक्रार. मारून पाहिलं, आता काय करू?’ असं एका भगिनीचं पत्र आलंय. मार तेवढा आधी थांबवा, बाकीचं सांगते.

मी सोलापुरात पहिलीला शिकवायची तेव्हाची गोष्ट. साखर पेठेतला एक पोरगा असाच होता. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. सुरुवातीला छान बोलायचा. एकदा आई डबा घेऊन दारात आली, तर हा आनंदाने ओरडला, ‘बाई, माझी आई आलं!’ वर्ग खो खो हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. त्या दिवसापासून पोरगं गप्प. मग खोड्या सुरू झाल्या, नि मी त्याला मठ्ठ ठरवून शेवटच्या बाकावर बसवला.

कारण सांगितलं त्याच्या आईनेच. ‘बाई, आमच्यात आई आली तरी वच्चिंदी, बस आली तरी वच्चिंदी.’ तेलुगूत बाईमाणूस काय नि वस्तू काय, एकवचनात क्रियापद एकच! पोरगं घरच्या नियमाने बरोबरच बोललं होतं, आणि हसू झालं ते त्याच्या आईदेखत. तोंडाने उत्तर देता येईना, म्हणून हाताने देत होता. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं काय थोडी आहेत? पण मला हे सुचलं नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना नावं न ठेवता त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली.

तेव्हा मुलाला जवळ घेऊन एवढंच विचारा, ‘तू बोललास की वर्गात कोण हसतं?’ उत्तर लगेच येणार नाही. दोन-चार दिवस जाऊ द्या. कान-डोळेही तपासून घ्या. फळा न दिसणारं मूलसुद्धा खोडकर ठरतं. आणि हसणाऱ्यांत आपलं पोर असेल, तर त्यालाही विचारा बरं का!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरतानाच म्हटलं, ‘बाई वच्चिंदी!’ शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, मोठ्यांना तसं नाही म्हणायचं!’