खाजनाचे पाणी आणि कला शाखा

गोव्यातला एक-चौदाचा उतारा ज्याने कधी हातात धरला आहे, त्याला ठाऊक असेल की त्यातल्या लागवडीच्या रकान्यांत जिरायत, बागायत यांच्या जोडीला खाजन, केर, मोरड असेही शब्द छापलेले असतात. सरकारी कारकून म्हणून माझी अशा कागदांशी ओळख आहे. खाजनाच्या रकान्यात अमुक चौरस मीटर असा एक आकडा असतो, बस्स. तिथले पाणी कोण अडवीत होते, बांध कोण राखीत होते, हे उतारा सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. मग ते कोणाचे? मी बी. ए. झालेला माणूस. मला वाटते, हे काम कला शाखेचे आहे आणि आपण ते सोडून दिले आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. मांडवी, झुवारी या नद्यांत समुद्राची भरती खूप आतपर्यंत चढते. काठच्या सखल दलदलीला बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवले आणि शेत काढले, ते खाजन. बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या जोराने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर जाते. पावसात खार धुऊन निघाला की कोरगूटसारखे खार सोसणारे भात. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी. काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ. एकाच जमिनीचे किती उपयोग!

हे किती जुने? बांदोडे येथे सापडलेल्या, साधारण सहाव्या शतकातल्या ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख आहे. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिसवाडीतल्या गांवकारीचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था चांगली मुरलेली होती. गणिती असलेल्या दा. ध. कोसंबींनीही १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात गोव्याच्या गांवकारीवर एक प्रकरण लिहिले. ‘हा माझा विषय नव्हे’ असे म्हणून ते थांबले नाहीत.

आज मात्र खाजनाचा विचार म्हटला की अभियंता, कृषी अधिकारी, फार तर जीवशास्त्रज्ञ. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण एक उदाहरण घ्या. बांध फुटतो, दुरुस्त होत नाही. दोन-चार पावसाळ्यांत शेतात खारफुटी उगवते. पुढे ती दाट होते आणि किनारपट्टी नियमनाच्या कायद्याचे संरक्षण तिला मिळते, ते मिळायलाही हवे. पण २०११ च्या अधिसूचनेतल्या गोव्यासाठीच्या खास तरतुदींत खाजनाची व्यवस्थापन योजना करा, तिथे बांधकाम नको, असेही म्हटले आहे. मग एका जागी खारफुटी राखायची की खाजन? उपग्रहाच्या चित्रात फक्त हिरवा रंग दिसतो. ते पूर्वी शेत होते की मुळातलेच रान, हे कोमुनिदादीच्या वह्या सांगतील, पणजीच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज आणि मोडी कागद सांगतील, शेताचे नाव सांगेल, नाहीतर गावातली एखादी म्हातारी सांगेल. ही सगळी साधने वाचण्याचे शिक्षण कुठे मिळते? कला शाखेतच ना!

दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला ‘मांगेथापणी’ होते. चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात आजही मगरी आहेत. या विधीला कोणी अंधश्रद्धा म्हणेल, कोणी लोककला म्हणून फोटो काढील. मला त्यात एक नोंद दिसते. या काठावर माणूस, चिखल, बांध आणि मगर एकत्र नांदत होती, आणि मगरीलाच राखणदार मानण्याइतकी त्या माणसांची समज होती.

पण म्हणून जुने सगळे सोन्याचे होते असे गळे काढण्यात अर्थ नाही. गांवकारीत बायकांना स्थान नव्हते. ज्यांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून बांध घातले, त्या कष्टकऱ्यांतले पुष्कळजण गांवकार नव्हते. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला हे न्याय्यच झाले. १९७५ च्या नियमांनी बांधांची संयुक्त जबाबदारी कुळांवर आली, पण जुनी शिस्त नव्या संस्थांत सगळीकडे उतरली नाही. मानशीच्या मासळीचा लिलाव होतो. घेणाऱ्याला मासळीसाठी खारे पाणी आत हवे, शेतकऱ्याला ते बाहेर हवे. हे भांडण सिमेंटने मिटत नाही. ते कोणाच्या हक्काचे, कोणत्या रिवाजाचे आहे हे आधी समजावे लागते.

अलीकडे विद्यापीठांत ‘ब्लू ह्युमॅनिटीज’ नावाचा अभ्यास चालतो. समुद्र आणि पाणी यांच्याकडे साहित्य, इतिहास, भाषा यांच्या अंगाने पाहायचे. नाव परदेशी असले तरी आपल्याकडे त्याची सामग्री दाराशी आहे. माझे मागणे साधे आहे. खाजनाची योजना करणाऱ्या प्रत्येक समितीत एक इतिहासाचा आणि एक भाषेचा जाणकार असावा, शिवाय बांधावर काम केलेला माणूस असावा. आणि आपल्या महाविद्यालयांनी मराठी, कोकणी, इतिहास शिकणाऱ्या मुलांना एकेक गाव वाटून द्यावे. तिथल्या मानशींची, शेतांची, माशांची, भाताच्या जातींची नावे लिहून आणायची. तेच त्यांचे प्रकल्पाचे गुण.

हे शब्द जाणणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. बांध पुन्हा घालता येईल, पैसे मंजूर होतील. पण ‘इथे मानस होती, तिचे नाव हे’ असे सांगणाराच उरला नाही, तर तो बांध नेमका कुठे घालायचा?