संशयाची सरकारी वंशावळ

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा, असं म्हणून आपण मोकळे झालो. मला हे पटत नाही. अफवा मोबाइलने आणली, पण ती खरी मानायची तयारी आधीच झालेली होती.

ती कशी होते, हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करताना पाहिलं. सुगीनंतर गावाबाहेर पारध्यांची पालं पडत. गावात कोंबडी गेली तरी पहिली झडती पालांची. एकदा पितळी घागर चोरल्याच्या आळावरून तिसरीतल्या एका मुलाच्या बापाला त्याच्यादेखत धरून नेलं. पुढे घागर मालकाच्याच विहिरीत सापडली. बाप सुटला, पण पोरगा पुन्हा शाळेची पायरी चढला नाही.

पारध्यांवरचा हा संशय सरकारी नोंदवहीतून गावात उतरला आहे, आणि तोच डवरी गोसाव्यांसारख्या गावोगाव फिरणाऱ्या प्रत्येकाला चिकटतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली, त्यांना हजेरी लावली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट वसवली. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. तुरुंगाच्या नियमांतला विमुक्तांबाबतचा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

आजचे कागदही भटक्याला परकाच ठेवतात. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा गाढवावर संसार लादून गावोगाव फिरला, तो तेव्हाची घरपट्टी आणणार कुठून? दाखला नाही म्हणून सवलत नाही, जागा नाही म्हणून रेशनकार्डासाठी हेलपाटे, आणि कागद नाहीत म्हणून पुन्हा तोच संशय.

अनोळखी माणसाला आपण बिचकतो, हे खरं आहे. पण ज्या वर्गात पालावरची पोरं वर्षभर टिकली, तिथे गावातल्या पोरांची भीती दिवाळीच्या सुट्टीआधीच गेलेली मी पाहिली आहे. तेव्हा ग्रामसभांनी पालांना गावठाणात जागा द्यावी. महसूल खात्याने जुन्या कागदांवर अडून न बसता गृहचौकशी करून दाखल्यांची वाट मोकळी करावी. चोरी झाली की पोलिसांनी जात न पाहता पुरावा पाहावा.

राईनपाड्याच्या खटल्यात २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पुढचे पाच जीव वाचवायचे, तर त्या माणसांची नावं ती जिवंत असतानाच आपल्या गावच्या मतदार यादीत चढली पाहिजेत.