बारावीचा निकाल आणि मुलीचे स्थळ



बारावीचा निकाल लागला की आमच्या जाम परिसरात दोन प्रकारची धावपळ सुरू होते. मुलगा असला तर हिंगणघाट, वर्धा की नागपूर, प्रवेश कोठे घ्यावा याची चौकशी. मुलगी असली तर बायोडाटा टाईप करून आणण्याची. विहारात वंदना झाल्यावर बापमंडळींना विचारले की उत्तर ठरलेले असते : "जास्त शिकली तं तिच्याहून जास्त शिकलेला पोरगा पाहा लागते भाऊ. तेवढा पैसा कुठून आनाचा?" आईचे म्हणणे थोडे निराळे. तिला मुलगी पदवीधर झालेली हवी असते, पण बायोडाटावर शोभावी म्हणून. ही माणसे वाईट नव्हेत. दिवसभर वावरात नाही तर कंपनीत राबून लेकरांना शिकवणारी आहेत. पण मुलीने शिकायचे ते कोणासाठी, एवढा एक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नाही.

आमच्या बायांनी मात्र तो फार पूर्वी विचारला होता. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापून, एकाच चुकीला बाईला वेगळा न्याय आणि पुरुषाला वेगळा का, असा जाब मागितला. ही नावे निदान ३ जानेवारीच्या भाषणात ऐकू येतात. पण आपल्या शेजारच्या उमरेडची जाईबाई चौधरी किती घरांत ठाऊक आहे?

जाईबाईचा जन्म १८९२ चा, महार कुटुंबातला. दुष्काळात घरदार नागपुरास आले. नवव्या वर्षी लग्न झाले. पोटासाठी नागपूर स्टेशनवर उतारूंचे सामान डोक्यावर वाहण्याचे काम तिने केले. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईची नजर तिच्यावर गेली आणि महिना ४ रुपयांवर मिशनच्या शाळेत शिकवण्याचे काम तिला मिळाले. चार रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, पण ओझे उतरून हाती खडू आला होता. तोही टिकू दिला नाही. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. दुसरी कोणी असती तर पुन्हा स्टेशनवर गेली असती. जाईबाईने १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळाच काढली.

आता पुढचे पाहा. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. जाईबाई व तिच्या सोबतिणी तेथे गेल्या, तर जेवणाला त्यांना वेगळे बसवले. परिषद महिलांची, पंगत जातीची! १ जानेवारी १९३८ ला आमच्या भगिनींनी स्वतःची सभा घेऊन त्याचा निषेध केला. याच परिषदेच्या पुढाकाराने १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले होते आणि तेथे भर होता गृहशास्त्रावर. घर नीट चालवणे काही वाईट नव्हे. पण शिकलेली बाई म्हणजे चांगली गृहिणी, हा विचार ज्यांच्या घरी गडीमाणसे होती त्यांना परवडत होता. जिच्या डोक्यावर उतारूंचे सामान होते तिला तो काय कामाचा?

आमच्या बायांना काय हवे होते ते २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेत दिसते. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. २५ हजार महिला जमल्याचे सांगतात. ठराव झाले ते असे : नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क कायद्याने मिळावा, एकाहून अधिक बायका करण्यास बंदी यावी, गिरणीत व विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची रजा मिळावी, मुलींसाठी सरकारने वसतिगृहे काढावीत. शिक्षण, मजुरी आणि संसारातला हक्क, तिन्ही एकाच मांडवात. बाबासाहेबांनी तेथे केलेल्या भाषणात लेकरांच्या लग्नाची घाई करू नका असे बजावले, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे, असे सांगितले. भाषण आम्ही दरवर्षी वाचतो. घाई मात्र चालूच आहे.

भीतीचेही एक कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या नांदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळण्यात आले. आठवड्याने तिने प्राण सोडला. त्या वेळी आमच्या ओळखीच्या घरांतही, 'आता पोरीला बाहेर पाठवाचं कामच नाही' असे शब्द निघाले. आईबापाचे काळीज आहे, समजते. पण गुन्हा केला पुरुषाने आणि कॉलेज सुटावे मुलीचे, हा कोणता न्याय? ताराबाईंनी हेच विचारले होते. एसटीत, रस्त्यावर पोरगी सुरक्षित राहावी यासाठी गावाने उभे राहायचे की तिला घरी बसवायचे?

राहिला पैसा. १९४२ च्या वसतिगृहाच्या मागणीचे फळ आज आपल्या हाताशी आहे आणि आपणच ते उचलत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींसाठी शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असावे लागते. गुणांची अट व मुदत वर्ध्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावी. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिले असले म्हणजे बरीच घरे तेथेच अडतात. अशा वेळी आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल तहसीलमधून काढावी. हे काम निकालानंतर नव्हे, मुलगी अकरावीत असतानाच सुरू करावे. ज्यांना अर्ज लिहिण्यास अडचण वाटते त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. येताना मुलीलाही सोबत आणावे, सही तिलाच करायची आहे.