ईडलिंबू आणि रिकामी भिंत

जून उजाडला की तालुक्याच्या गावातील स्टेशनरीच्या दुकानांत एक ठरावीक गर्दी दिसू लागते. वह्यापुस्तके घेणाऱ्या पालकांच्या पलीकडे, काउंटरच्या एका टोकाला प्राथमिक शिक्षिका उभ्या असतात. त्यांची यादी वेगळी असते : कार्डशीट, घोटीव कागद, क्रेप, स्केचपेन, चिकटपट्टी आणि छापील तक्ते. मुळाक्षरांचा, बाराखडीचा, फळांचा, पक्ष्यांचा, थोर पुरुषांचा. यांतला बराचसा खर्च पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या पर्समधून होत असतो, हेही येथेच नोंदवून ठेवावे. पुढे जी टीका करायची आहे ती त्यांच्यावर नाही.

माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग चालवते. काही वर्षांपूर्वी शाळा उघडण्याच्या आधी दोन दिवस मी तिच्या मदतीला गेलो होतो. मदत म्हणजे स्टूल धरणे आणि पताका कापणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या खोलीत वीतभर भिंत मोकळी राहिली नाही. फळ्याच्या वर सुविचार, खाली बाराखडी, खिडक्यांच्या मधल्या जागेत ऋतू आणि राष्ट्रीय प्रतीके, दाराशी स्वागताची कमान. मला ते सारे मनापासून आवडले. शेवटचा, मुळाक्षरांचा तक्ता चिकटवून खाली उतरताना बहिणीने सहज विचारले, “दादा, तू मराठीचा एम.ए. ना? ईडलिंबू खाल्लंयस का रे कधी?”

खाल्ले नव्हते. पाहिलेही नव्हते. साधारण चाळीस वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात ‘ई’समोर ते पिवळे फळ पाहिले होते, आणि त्यानंतर आयुष्यात ते पुन्हा भेटले ते थेट या तक्त्यावर. ‘ऐ’ची ऐरण, ‘ए’चा एडका, ‘औ’चे औत यांतले काही शब्द त्या वस्तीतल्या मुलांच्या घरात होते, काही नव्हते, पण तक्ता छापणाऱ्याने ते पाहून ठरवलेले नव्हते. तो तक्ता कोकणात, खानदेशात आणि पुण्याच्या उपनगरात सारखाच लागतो. वर्णमाला सर्वांची एक आहे, हे खरेच. परंतु तिच्या शेजारची चित्रे कोणाच्या जगातली असावीत, हा प्रश्न मात्र वर्णमालेने सोडवलेला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी वर्गाच्या भिंतीकडे एक संहिता म्हणून पाहावे, असे मला त्या संध्याकाळी प्रथमच वाटले. या संहितेत बोलतो कोण आणि कोणाशी? भिंतीवरची वाक्ये आठवून पाहा. ‘स्वच्छता पाळा’, ‘पाणी वाचवा’, ‘प्रयत्नांती परमेश्वर’. क्रियापदे बहुतांशी आज्ञार्थी वा विध्यर्थी. उरलेली विधाने सर्वकालीन सत्याच्या थाटाची. तेथे प्रथमपुरुष नाही. ‘मी’ नाही, ‘आमच्या घरी’ नाही, ‘काल’ नाही. तेथे प्रश्नही नाही. ज्या खोलीत मूल दिवसाचे पाच-सहा तास घालवते, त्या खोलीतल्या लिखित भाषेत त्या मुलासारखे बोलणारे कोणीच नसते. लिहिणे म्हणजे आधीच कोणीतरी सांगून ठेवलेले, निर्दोष आणि कोणाचेच नसलेले वाक्य सुबक अक्षरात उतरवणे, हा लेखनाचा पहिला सिद्धान्त मूल येथे शिकते. आणि तो त्याला कोणी शिकवलेला नसल्यामुळे पक्का शिकते.

त्या सिद्धान्ताची फळे पंधरा वर्षांनी आपल्या टेबलावर येतात. ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या किती उत्तरपत्रिका आपण तपासल्या असतील? दलित आत्मकथनावरचा प्रश्न असो की नवकवितेवरचा, आरसा येतोच. आपण गाइडांना दोष देतो, सत्रपद्धतीला देतो, मोबाइलला देतो. भिंतीवरच्या सुविचारामुळेच हे घडते असा दावा मी करणार नाही. एवढा सरळ कार्यकारणभाव शिक्षणात कोठेच नसतो. पण मौखिक परीक्षेत एखाद्या मुलीला “तुला स्वतःला ही कादंबरी वाचताना काय वाटलं?” असे विचारल्यावर ती ज्या भीतीने पाहते, ती भीती बी.ए.च्या वर्गात जन्मलेली नाही. स्वतःचे वाक्य शाळेच्या जागेत उच्चारण्याजोगे नसते, हे तिला फार आधी कळलेले असते.

आपल्याकडे वर्ग नेहमी असेच सजत होते असेही नाही. पंतोजींच्या शाळा देवळाच्या ओवरीत वा कोणाच्या ओसरीवर भरत. त्या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे छडी होती, घोकंपट्टी होती, आणि बहुसंख्य जातींना व मुलींना तेथे प्रवेशच नव्हता. परंतु लेखनाचे साधन म्हणून तेथे धूळपाटी होती. मुलाने बोटाने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. दसऱ्याच्या पाटीपूजनाची चाल तर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाळली आहे. एक हा अंक पुन्हा पुन्हा मांडून पाटीवर सरस्वती काढायची आणि तिची पूजा करायची. कोणाची सरस्वती तिरकी, कोणाची फार उंच. विद्येची देवता त्या दिवशी दुकानातून येत नसे. नुकताच शिकलेला अंक जोडून मूलच तिला घडवीत असे.

विसाव्या शतकातले उदाहरण अधिक जवळचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. मॉंटेसोरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती आणि तेथल्या मुलांना ती ओळखीचीही नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तू शिक्षणाची साधने झाल्या. मुले शाळेत येईनात म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कुरणाला भिंत नसते. तरीही ती शाळा होती. कारण तिची मांडणी समोरच्या मुलाकडे पाहून केलेली होती.

आजचे चित्र काय आहे? ‘बोलक्या भिंती’ हा शब्द आपल्या प्राथमिक शिक्षणात चांगला रुळला आहे. २०२४ च्या सुरुवातीला राज्यात ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे स्पर्धात्मक अभियान झाले. शाळा सुंदर असावी या इच्छेत वावगे काहीच नाही. गळक्या छपराची आणि पोपडे उडालेल्या भिंतीची सवय झालेल्या गावात रंगाचा एक डबासुद्धा सन्मान घेऊन येतो. अडचण वेगळी आहे. सौंदर्य एकदा मोजायचे आणि दाखवायचे ठरले, की ते जूनमध्येच पूर्ण व्हावे लागते. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याला भरलेली भिंत दिसते. ती कोणी भरली हे दिसत नाही. छायाचित्रातही दिसत नाही.

शिवाय भिंत सतत बोलत राहिली तर ऐकणाऱ्याचे काय होते, याकडेही लक्ष दिले पाहिजे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अॅना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी २०१४ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या २४ मुलांना त्यांनी प्रयोगासाठी मांडलेल्या खोलीत विज्ञानाचे छोटे पाठ दिले. काही पाठ चित्रांनी भरलेल्या भिंतींमध्ये, काही जवळजवळ रिकाम्या भिंतींमध्ये. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ पाठाबाहेर होते, रिकाम्या खोलीत २८ टक्के. आणि चाचणीतील अचूक उत्तरांचे प्रमाण रिकाम्या खोलीतील ५५ टक्क्यांच्या तुलनेत भरलेल्या खोलीत ४२ टक्के होते. चोवीस मुलांवरून आणि परक्या देशातल्या एका खोलीवरून आपल्या शाळांबद्दल निकाल देणे योग्य नाही. पण ‘जितकी चित्रे अधिक तितके शिक्षण अधिक’ हे गृहीतक तपासून पाहण्याइतका संशय त्यातून नक्कीच निर्माण होतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या घरात कॅलेंडर आणि औषधाच्या पाकिटाखेरीज छापील अक्षर नाही, त्या घरातल्या मुलाला शाळेत तरी अक्षर पदोपदी भेटायला नको का? भेटायलाच हवे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानातही लिखित मजकुराने समृद्ध अशा वर्गावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. रिकामी भिंत हे काही तत्त्वज्ञान नव्हे. ती नुसती दारिद्र्याची खूणही असू शकते. सुखवस्तू शाळेने साधेपणा मिरवणे वेगळे आणि पाड्यावरच्या शाळेला काहीच न देणे वेगळे. माझे म्हणणे एवढेच, की समृद्धी अक्षरांच्या संख्येने ठरू नये. त्या अक्षरांशी मुलाचा संबंध काय, यावर ती ठरावी. मुलाच्या डोक्यापेक्षा चार फूट उंच लावलेला, वर्षभर न बदलणारा तक्ता आठवड्याभरात भिंतीच्या रंगासारखा होतो. तो असतो, पण कोणी वाचत नाही.

बहिणीशी या विषयावर बरेच बोलणे झाले. काही वेळा वादही. पुढच्या जूनमध्ये तिने तीन भिंती नेहमीसारख्या लावल्या आणि खिडकीखालची चौथी भिंत मुद्दाम मोकळी ठेवली. तेथे मुलांच्या छातीइतक्या उंचीवर एक सुतळी ताणली आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावले. पहिल्या दिवशी त्यावर फक्त मुलांची नावे होती, प्रत्येकाच्या नावाची एक पट्टी. पहिलीची मुले आधी स्वतःचे नाव ओळखू लागली, मग शेजाऱ्याचे. पुस्तके कपाटातून काढून तिने दुसऱ्या सुतळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी टांगली. वर्गशिक्षिकेचे टेबल कोपऱ्यात सरकवल्यामुळे मध्ये बसायला जागा झाली. या मांडणीला एकूण खर्च आला तो सुतळीचा आणि चिमट्यांचा.

जुलैच्या भेटीत एका वरिष्ठांनी “ही भिंत राहिली वाटतं?” असे विचारले आणि वहीत काहीतरी टिपून घेतले. बहीण दोन दिवस अस्वस्थ होती. “पुढच्या भेटीआधी दोन तक्ते लावून टाकू का रे?” असे तिने मला फोनवर विचारले. मी काहीतरी धीर देणारे बोललो. पण शेरा तिला मिळणार होता, मला नाही. आपण साहित्याचे प्राध्यापक प्राथमिक शिक्षकांना सर्जनशीलतेचे सल्ले देतो तेव्हा हा फरक विसरतो.

तिने तक्ते लावले नाहीत. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा सुतळी भरलेली होती. चित्रे होती, शब्द होते, त्यात घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतले, मला अर्थ विचारावा लागला असे शब्दही होते. दुसरीतल्या एका मुलीने वहीच्या अर्ध्या पानावर लिहिले होते : ‘काल पाउस आला. आमच्यात वाटित पानी पडत होत. मी मोजल.’

माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पाऊस दीर्घ, वाटीत दीर्घ, ‘पाणी’त णकार, शेवटी अनुस्वार. बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “ते मी शिकवते, दादा. पण वहीत. इथं नाही.” मी तिच्याशी वाद घातला. प्रमाणलेखन हा त्या मुलीचाही हक्क आहे, आणि तो वेळेवर दिला नाही तर उद्या तिचीच अडवणूक होईल, असे मी म्हणालो. आजही मला ते म्हणणे चूक वाटत नाही. पण मला हेही मान्य करावे लागले, की पंधरा वर्षे उत्तरपत्रिका तपासताना ‘मी मोजलं’ इतके नेमके, इतके स्वतः पाहिलेले क्रियापद माझ्या वाट्याला फारसे आलेले नाही. गळणाऱ्या घरात रात्री वाटीत पडणारे थेंब मोजणारे मूल तेथे प्रथमपुरुषात उभे होते, आणि मी त्याचे ऱ्हस्व-दीर्घ पाहत होतो.

आता आपल्या महाविद्यालयांकडे वळू. मराठी विभागाच्या बाहेर काच लावलेला एक फलक असतो, भित्तिपत्रकाचा. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, त्यावर कार्डशीट लागते. मध्यभागी कुसुमाग्रजांचे चित्र, भोवती त्यांचा जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, पुरस्कार. सारे वळणदार अक्षरांत, सारे कुठून तरी उतरवलेले. उद्घाटन होते, छायाचित्र निघते, अहवालात जोडले जाते, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ते कार्डशीट उन्हाने पिवळे पडत राहते. ‘ई’ ईडलिंबवाचा तक्ता आणि हे भित्तिपत्रक यांत फरक असलाच तर तो मुलांच्या वयाचा आहे. प्राथमिक शाळेच्या भिंतीवर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला मिळवायचा असेल तर सुरुवात त्या काचेपासून करावी लागेल.

आमच्या विभागात या सत्रापासून त्या फलकाचे कुलूप काढले आहे. आत कोरा कागद आणि दोरीने बांधलेले पेन ठेवले आहे. पहिले तीन आठवडे कोणी काही लिहिले नाही. चौथ्या आठवड्यात कोणीतरी पेन पळवले. आम्ही दुसरे बांधले आहे.