अर्धशिशी, उजेड आणि आपला हक्क

अर्धशिशीला आपल्याकडे अजूनही आजार मानत नाहीत. पुरुषाचे डोके दुखले तर ‘कामाचा ताण’, बाईचे दुखले तर ‘कामाचा कंटाळा’, आणि वरचेवर दुखू लागले तर ‘नजर लागली’. मग कोणी मीठ-मिरची ओवाळतो, कोणी मंत्राने अर्धशिशी उतरवणाऱ्याचे घर शोधतो. बाकीचे गोळी घेऊन पुन्हा कामाला बसतात. ज्या उजेडात आपला माणूस रोज आठ-दहा तास बसतो, त्या उजेडाकडे मात्र कोणी पाहत नाही. आमचे म्हणणे असे की, आधी तिकडे पाहा.

भडगावसारख्या तालुक्याच्या गावी आपली मुले-मुली काय कामे करतात? कोणी शिलाई मशीनवर, कोणी मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत, कोणी ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात, कोणी जिनिंगमध्ये, तर कोणी जळगावच्या चटई कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये. पुष्कळ ठिकाणी पत्र्याची खोली, खिडकीचा पत्ता नाही आणि एकच ट्यूब, तीही पाठीमागे. म्हणजे आपलीच सावली आपल्या कामावर. नाहीतर उलट प्रकार: तोंडासमोर उघडा बल्ब, किंवा समोरच दार आणि दारात खानदेशचे वैशाखातले ऊन. दोन्हीकडे डोळ्यांची ओढाताण ठरलेली.

यातून होणारी डोकेदुखी दोन प्रकारची असते. डोळ्यांच्या ताणाने कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग जड होतो, आणि काम थांबवून विसावा घेतला की ते उतरते. अर्धशिशी वेगळी. ती बहुधा एका बाजूला ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसत नाही, आणि उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकते. तिची प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यातून येते आणि बायकांमध्ये ती पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते. एकट्या उजेडाने अर्धशिशी जडत नाही. पण ज्याला ती आहे, त्याचा झटका उजेडाने उठू शकतो आणि उठलेला झटका वाढतो. उपाशीपोटी काम, अपुरे पाणी, अपुरी झोप आणि उन्हाचा तडाखा यांची त्यात भर पडते.

‘उजेडाने कुठे डोके दुखते, हे नाटक आहे’ असे म्हणणाऱ्या मालकांसाठी दोन दाखले देतो. जुन्या चोकवाल्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. हा लपलपाट डोळ्यांना जाणवत नाही. १९८९ मध्ये ब्रिटनमधील एका कार्यालयात अशा ट्यूबऐवजी लपलपाट नसलेले दिवे लावून पाहिले, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. दुसरा दाखला २०१० चा, अमेरिकेतला. ज्या अंधांना दिसत नाही पण उजेड-अंधाराची जाणीव मेंदूपर्यंत पोचते, त्यांचीही अर्धशिशी उजेडाने वाढते असे संशोधकांना आढळले. मग हे नाटक कसे?

चाळिशीनंतरची गोष्ट आणखी साधी. जवळचे दिसणे कमी होते, सुईत दोरा जात नाही, आणि माणूस डोळे ताणून दिवस काढतो. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांची पाहणी झाली. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानतोडणी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा ही म्हातारपणाची लाज नव्हे, ते कामाचे हत्यार आहे.

पुरेसा उजेड ही मालकाची मेहेरबानीही नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो त्याच काळात. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १७ ने पुरेसा आणि योग्य प्रकाश बंधनकारक केला. डोळे दिपू नयेत आणि डोळ्यांवर ताण पडेल अशा सावल्या पडू नयेत, हेही त्यात लिहिले. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही पुरेशा प्रकाशाची तरतूद आहे. लहान दुकान या कायद्यांत बसो न बसो, डोळे तर तेच आहेत.

म्हणून आमचे सांगणे: दिवा कामाच्या बाजूने आणि वरून यावा, डोळ्यांसमोर नको. उघड्या बल्बला झाकण हवे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्याचे पट्टे पळताना दिसले, तर तो दिवा बदलायला सांगा. संगणक खिडकीला काटकोनात ठेवा, दर वीस मिनिटांनी नजर लांब टाका आणि पापण्या मिटा. डोके कधी, कुठे, काय खाऊन-पिऊन दुखले ते वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे काही महिने घेतली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. आणि डोके अचानक असह्य दुखले, बोलणे अडखळले, हातपाय लुळा पडला किंवा डोळा लाल होऊन नजर धूसर झाली, तर गोळी नको, थेट रुग्णालय गाठा.

शेवटी विहार समित्यांना एक विनंती. जयंतीच्या जमाखर्चात मंडप असतो, मिरवणूक असते. त्यात एक ओळ डोळे तपासणी आणि जवळच्या चष्म्यांसाठी लिहा. शिलाई करणारी आपली ताई रात्री डोके न बांधता झोपली, तर ती वर्गणी सार्थकी लागली असे आम्ही समजू.