टाकीत दादर येत नाही

रविवारी संध्याकाळी माझा फोन हमखास वाजतो. सकाळी कुर्ल्याला नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला चक्कर झालेली असते, पिशवीतून एक नवा मासा घरी आलेला असतो आणि दिवेलागणीला तक्रार येते, "ताई, तो खडकामागे जाऊन बसलाय, बाहेरच येत नाही." मी ठाणे-मुलुंड पट्ट्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल करते. दवाखाने, एक-दोन हॉटेलं, बाकी फ्लॅट. फोनवर मी नव्या माशाचं विचारत नाही. जुने काय करतायत, ते विचारते. तिकडे कोणी बघितलेलंच नसतं.

नव्याकडे सगळ्यांचं लक्ष असणारच, त्याचे पैसे नुकतेच मोजलेत. पण हादरा अख्ख्या टाकीला बसतो. रोज काचेपाशी येऊन खाणारा क्लाउन दाण्याकडे पाठ फिरवतो, टँगचा रंग उतरतो, कल्ल्यांची उघडझाप वाढते, कोणी पंपाच्या मागे अंग चोरून उभा राहतो. मुलुंडचे एक डॉक्टर मला म्हणाले, "होईल हो सवय. लोकलमध्ये नाही का, चढताना मारामारी आणि घाटकोपर येईपर्यंत लोक सरकून चौथी सीट देतात." मी म्हटलं, डॉक्टर, दादरला माणसं उतरतात म्हणून ते चालतं. टाकीत दादर येत नाही.

समुद्रात बोटाएवढा डॅमसेल आपल्या तुकड्याभर प्रवाळासाठी त्याच्या कित्येक पट मोठ्या माशावर धावून जातो, पाणबुड्याच्या हाताचाही चावा घेतो. समोरचा दोन हात लांब सरकला की भांडण मिटलं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत साधारण ३४० लिटर पाणी मावतं, खडक आणि वाळू वजा करून त्याहून कमी. पळणारा पळून दुसऱ्या कोपऱ्यात जातो आणि तो कोपराही त्याच डॅमसेलचा असतो. मालक टाकी लिटरमध्ये मोजतो. मासा ती लपायच्या जागांमध्ये मोजतो.

घाबरलेल्या माशाच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं. आपल्याही वाढतं. पाच-दहा मिनिटांच्या पळापळीत ते कामाचं असतं. दिवसेंदिवस उतरलं नाही, तर भूक जाते आणि रोगाशी लढायची ताकद घटते. खाऱ्या पाण्यातल्या माशाला याशिवाय आणखी एक जाच असतो. त्याच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, मुख्यतः कल्ल्यांतून. ते भरून काढायला तो सारखा समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. घाबरला की जास्त प्राणवायू लागतो, कल्ल्यांत जास्त रक्त खेळतं, आणि त्याच वाटेने पाण्याची गळतीही वाढते. भर पाण्यात मासा सुकत जातो. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या, पण खरं आहे.

त्यात पांढरे ठिपके. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी बहुतेक वेळा नव्या पाहुण्याबरोबरच येतो. काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून वाळूत पडतो, तिथे कोशात त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पुन्हा मासे शोधत सुटतात. मधल्या काळात मासा स्वच्छ दिसतो. गिऱ्हाईक मला कळवतं, "गेले ठिपके, औषधाचा गुण आला." गुण कसला, किडा वाळूत गेलाय. पुढच्या फेरीला तो नव्या-जुन्या सगळ्यांना धरतो, कारण आठवडाभराच्या पाठलागाने सगळेच खचलेले असतात. तांब्याचं औषध मुख्य टाकीत ओतता येत नाही, कोळंबी आणि प्रवाळ त्यानेच मरतात.

ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ (१९७३ सालचं नोबेल त्यांना विभागून मिळालं) यांनी आक्रमकतेवरच्या आपल्या १९६३ सालच्या पुस्तकात प्रवाळातल्या माशांबद्दल लिहिलंय, की भडक रंगाचे मासे सर्वांत जोराने तुटून पडतात ते आपल्याच जातीवर. साहजिक आहे. तेच खाणं, तीच बिळं. आणि आपली माणसं दुकानात काय मागतात? "ह्याला जोडीदार द्या." क्लाउनफिशमध्ये सगळ्यांत मोठी ती मादी, दुसऱ्या नंबरचा नर, बाकीचे उमेदवार. मादी मेली की नराचीच मादी होते. उलट मात्र कधी होत नाही. त्यामुळे वाढलेल्या दोन माद्या एका टाकीत सोडल्या, की त्यांतली एक गेलीच म्हणून समजा. लहानपणापासून दोन पिल्लं एकत्र वाढवली तर जोडी आपोआप जमते. पण त्याला धीर लागतो, आणि दवाखान्यातल्या पोराला आजच्या आज निमो आणि डोरी दोघं हवे असतात. डोरी म्हणजे निळा टँग. दुकानात दोन इंचांचा दिसतो, वाढला की फूटभर होतो आणि शेपटीच्या बुंध्याशी धारदार काटा बाळगतो.

उपाय आहेत, महागही नाहीत. वेगळी साधी टाकी, तळाला काही नाही, लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे तुकडे, आणि तिथे निदान चार आठवडे मुक्काम. सोडायच्या दिवशी खडकांची मांडणी बदलायची, म्हणजे जुन्या दादाच्या हद्दीच मोडतात. दिवे बंद. भित्रे मासे आधी आणायचे, भांडखोर सगळ्यात शेवटी. लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून तासन्तास थेंब थेंब पाणी सोडत बसायचं नाही. पिशवी उघडली की आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि तोवर सौम्य असलेला अमोनिया विषारी होतो.

पण हे सगळं गिऱ्हाइकाने करायचं आणि विकणाऱ्याने काहीच नाही, हे मला पटत नाही. उपाशी ठेवून पिशवीत भरलेला, विमानातून आलेला, बहुतेक वेळा थेट समुद्रातून पकडलेला मासा आल्या दिवशीच विकला जातो. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले. त्यात दीडशेवर जातींच्या विक्रीवर बंदी होती, क्लाउनसुद्धा त्यात होता. आरडाओरडा झाला आणि पुढे नियमच मागे घेतले गेले. ती बंदी मला तेव्हाही अडाणी वाटली. क्लाउनची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने करून दाखवलीय, इथे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही होते. जन्मापासून टाकीत वाढलेला, दाणे खाणारा मासा बंदीच्या यादीत कशाला? मला एकच नियम हवाय: खाऱ्या पाण्यातला मासा दुकानात दोन आठवडे राहून, नीट खायला लागल्याशिवाय विकायचा नाही. दुकानदार म्हणतात, मुंबईत एकेका फुटाचं भाडं भरतो, टाक्या अडवून ठेवू कशा? त्यांचं खोटं नाही. मग किंमत वाढवा. मासा दुप्पट महाग झाला, तर रविवारी सहज म्हणून उचलणारे निम्मे होतील, आणि ते गेलेलेच बरे. माझेही काही फोन कमी होतील, चालेल.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर दुकानात गेलात तर दाणे टाकायला सांगा आणि मासा खातो का ते उभं राहून बघा. खाल्लं नाही तर पैसे खिशातच राहू द्या. आणि "घरी गेल्यावर खाईल" असं म्हणणाऱ्याकडून टाकीचं मीठसुद्धा घेऊ नका.